कोकणात नव्याने राहायला आलात? पाणी किती प्यायचं ते लघवी मोजून ठरवा

मी मूळची सोलापूर जिल्ह्यातल्या कोरड्या सांगोल्याची. प्राथमिक शिक्षिका म्हणून 2016 च्या जूनमध्ये गुहागर तालुक्यातल्या समुद्रालगतच्या एका वाडीवर रुजू झाले. दुसऱ्या वर्षी ऑक्टोबरात, भातकापणी चालू असताना, पहाटे चारला उजव्या कुशीत कळ आली. पाठीतून निघून जांघेपर्यंत उतरणारी. बसवेना, निजवेना, उलट्या सुरू झाल्या. घरमालकीण काकींनी रिक्षा बोलावली आणि दीड तासाने चिपळूण गाठलं. सोनोग्राफीत मूत्रवाहिनीत 5 मिलिमीटरचा खडा दिसला.

कळ थांबल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "बाई, दिवसभरात लघवी किती होते?" मी म्हटलं, "पाणी भरपूर पिते. तीन लिटर तरी." ते म्हणाले, "पाणी नाही विचारलं मी. लघवी किती होते?" मला सांगता येईना. त्यांनी एक दिवस नेहमीसारखं वागून दोन्ही मोजायला सांगितलं. चोवीस तासांत लघवी भरली 750 मिली. आणि ज्या पाण्याला मी तीन लिटर म्हणत होते, ते सगळे पातळ पदार्थ धरून भरलं 1,700 मिली.

बदली होऊन आलेले शिक्षक, ग्रामसेवक, बँकेतली मंडळी, लग्न होऊन आलेल्या मुली, आंब्याच्या हंगामात कामाला आलेली माणसं, अशा सगळ्यांसाठी हे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. त्या खड्यानंतर जे शिकले, डॉक्टरांना विचारून पक्कं केलं आणि आजवर पाळते, तेवढंच सांगते.

1. आधी इथला घाम समजून घ्या

सांगोल्यात उन्हातून आलं की घसा कोरडा पडतो. अंग मात्र कोरडंच असतं, कारण तिथला घाम येता येता वाळतो. माणूस आपसूक माठाकडे जातो. इथे उलट. हवेतच इतकी ओल, की घाम वाळत नाही, नुसता ओघळतो. घाम वाळला तरच अंग थंड होतं. तो वाळत नाही म्हणून शरीर आणखी घाम सोडतं. ब्लाउज पाठीला चिकटलेला, केस मानेला चिकटलेले, आणि घसा मात्र कोरडा नाही. मला पहिली दोन वर्षं तहान जाणवलीच नाही, ती याच कारणाने. हवामान खात्यानेही उष्णतेच्या लाटेसाठी सपाटीवर 40 अंशांची अट ठेवली आहे, किनारपट्टीला मात्र 37 अंशांची.

मूत्रपिंडं दिवसाला सुमारे 180 लिटर द्राव गाळतात आणि त्यातला जवळजवळ सगळा परत रक्तात घेतात. लघवी म्हणून बाहेर पडतो तो एक-दोन लिटर. रक्त जरा दाट झालं की मेंदूकडून संप्रेरक सुटतं आणि मूत्रपिंडं आणखी पाणी राखून ठेवतात. लघवी कमी होते, दाट होते, रंग गडद होतो. घाम, श्वास, शौच यांचा खर्च वजा जाऊन उरलेली शिल्लक म्हणजे लघवी. मी शाळेत पोषण आहाराची नोंदवही लिहिते, म्हणून मला हे असं कळलं: किती आलं यावरून कोठीत काय उरलं ते कळत नाही, शिल्लक बघावी लागते.

2. काय काय लागेल

- प्लास्टिकचा मग, पाऊण ते एक लिटरचा, फक्त याच कामासाठी
- न पुसणारा मार्कर
- पाण्याची एक लिटरची बाटली, रोज हीच वापरायची
- काचेचा पारदर्शक ग्लास किंवा बाटली, रंग बघण्यासाठी, वेगळी ठेवलेली
- छोटी वही आणि पेन, बाथरूमबाहेर दोरीने टांगलेलं
- जमल्यास वजनकाटा

मगावर खुणा करायला मी घरात होतं ते वापरलं. लहान मुलांच्या औषधाबरोबर मिळणाऱ्या मापाने 100 मिली पाणी ओतलं, बाहेरून रेघ मारली, पुन्हा 100 ओतलं. मग सपाट लादीवर ठेवायचा आणि डोळे पाण्याच्या पातळीला आणून रेघ ओढायची, वरून बघून नाही. घरातलं फुलपात्र, चहाचा कप आणि पेजेचा वाडगाही मोजून घ्या. माझं फुलपात्र 160 मिलीचं निघालं. मी त्याला "एक ग्लास" म्हणून 250 धरत होते. माझे तीन लिटर तिथेच फुगले होते.

3. चोवीस तासांची लघवी मोजायची रीत

इथे बहुतेकांची चूक होते, म्हणून सावकाश वाचा.

सकाळी उठल्यावरची पहिली लघवी मोजायची नाही. ती सोडून द्यायची आणि वेळ लिहायची, समजा सहा वाजता. ती रात्रीची, म्हणजे आदल्या दिवसाच्या हिशोबातली. त्यानंतरची प्रत्येक लघवी मगात करायची, आकडा वहीत लिहायचा, मग रिकामा करून धुवायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाची पहिली लघवी मात्र धरायची. ती धरली की चोवीस तास पुरे. दोन्ही सकाळच्या धरल्या तर आकडा उगाच मोठा येतो, दोन्ही सोडल्या तर लहान.

शौचाला जाताना आधी मगात लघवी करून घ्या. रात्री झोपेत उठून गेलेली विसरू नका, वही बाहेर टांगायची ती त्यासाठीच. एखादी चुकली तर अंदाजाने लिहू नका, तो दिवस सोडा आणि दुसरा धरा. पाळीचे दिवस टाळा. एका बाजूला पाणी, चहा, ताक, पेज, आमटी असं पोटात गेलेलं सगळं पातळही लिहा.

असे तीन दिवस मोजा: एक सुट्टीचा, दोन कामाचे. सुट्टीच्या दिवशी माझी 1,300 भरायची आणि शाळेच्या दिवशी 750. फक्त रविवारी मोजलं असतं तर मला काही कळलंच नसतं. शाळेत मग नेणं अवघड वाटतं, मान्य आहे. मी कापडी पिशवीत घालून न्यायचे आणि स्वच्छतागृहात आतल्या खिळ्याला अडकवायचे. कुणी विचारलं नाही.

प्रयोगशाळेने तपासणीसाठी चोवीस तासांची लघवी मागितली तर ती डबा देते. त्या डब्यात कधी कधी आधीच आम्ल घातलेलं असतं. म्हणून थेट डब्यात करू नका, मगातून सावकाश ओता, आणि डबा थंड जागी, मुलांपासून लांब ठेवा.

4. आकडा काय सांगतो

निरोगी मोठ्या माणसाची दिवसाची लघवी साधारण 800 ते 2,000 मिली असते. शरीरातली घाण विरघळवून बाहेर टाकायलाच निदान 400 ते 500 मिली लागते. दिवसभरात 400 च्या खाली आली तर घरगुती उपाय करत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. उलट 3 लिटरच्या वर जात असेल, तहान शमत नसेल, रात्री चार-चारदा उठावं लागत असेल, तर रक्तातली साखर तपासा.

ज्यांना एकदा मुतखडा झाला आहे त्यांच्यासाठी लक्ष्य वेगळं. दिवसाला किमान 2.5 लिटर लघवी व्हावी इतकं प्यायचं. पुन्हा वाचा, अडीच लिटर पाणी पिणं नाही, अडीच लिटर लघवी होणं.

त्यासाठी किती प्यायचं ते तुमच्याच वहीतून निघतं. मी 1,700 पीत होते आणि 750 होत होती. लक्ष्य 2,500. म्हणजे कमी पडत होते 1,750. घाम तेवढाच राहिला तर वाढवलेलं बहुतेक पाणी लघवीतच येतं. म्हणून 1,700 अधिक 1,750, सुमारे साडेतीन लिटर. जानेवारीत, घाम कमी असताना, तीन लिटरमध्येच काम भागलं. "दिवसाला आठ ग्लास" हा आकडा कुळीथ झोडणाऱ्या बाईला आणि पंख्याखाली बसलेल्या कारकुनाला सारखा लागू होत नाही.

घामाचा अंदाज वजनावरूनही येतो. डिसेंबरात क्रीडास्पर्धांची तयारी चालू असताना मी मैदानावर जायच्या आधी आणि परत आल्यावर वजन केलं. दोन तासांत, मध्ये अर्धा लिटर पाणी पिऊनही, 900 ग्रॅम कमी. एक किलो म्हणजे जवळजवळ एक लिटर, म्हणजे दोन तासांत सुमारे 1,400 मिली घाम गेला, तोही डिसेंबरात.

5. रोज मोजायचं नाही, रोज रंग बघायचा

तीन दिवसांच्या मोजणीनंतर रोजच्यासाठी रंग पुरतो. अमेरिकेतले संशोधक लॉरेन्स आर्मस्ट्राँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1994 मध्ये लघवीच्या आठ छटांचा तक्ता मांडला. खेळाडू आणि सैनिक आजही असे तक्ते वापरतात. मी आपल्या भाषेत अशा छटा लावून घेतल्या:

लिंबू सरबतासारखा फिका पिवळा: ठीक.
गवती चहासारखा पिवळा: आत्ताच एक-दोन फुलपात्रं प्या.
मोहरीच्या तेलासारखा गडद: पाणी बरंच कमी पडलं आहे.
कोऱ्या चहासारखा तपकिरी: पाणी पिऊन काही तासांत फिका झाला नाही तर डॉक्टर.

इथे फसायच्या जागा बऱ्याच आहेत. सकाळची पहिली लघवी नेहमीच गडद असते, तिच्यावरून ठरवू नका. दुपारी बारा आणि संध्याकाळी पाचची बघा. संडासाच्या भांड्यातल्या पाण्यात पडलेली लघवी फिकी दिसते, आणि पिवळ्या बल्बखाली सगळंच पिवळं दिसतं. ग्लासात घेऊन खिडकीच्या उजेडात धरा. बी-कॉम्प्लेक्सच्या गोळीने झगझगीत पिवळी होते, बीटाने गुलाबी, क्षयाच्या रिफाम्पिसिन या औषधाने नारिंगी. अशा वेळी रंगावर विसंबू नका, मोजायचा मग बाहेर काढा.

दिवसभर अगदी पाण्यासारखी रंगहीन होत असेल तर तेही चांगलं नाही. मूत्रपिंडं तासाला साधारण एक लिटरहून जास्त पाणी बाहेर टाकू शकत नाहीत. एका दमात दोन-तीन लिटर ढोसलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं: डोकं दुखतं, मळमळतं, भोवळ येते, गंभीर झालं तर झटके येतात.

हरतालिकेच्या निर्जळी उपासाबद्दल मनापासून सांगायचं आहे. दुसऱ्या दिवशी गणपती, घरात माणसांची रीघ, बायका दिवसभर चुलीपाशी उभ्या आणि पाण्याचा थेंब नाही. मीही एक वर्ष केला. संध्याकाळी ग्लासात उतरलेला रंग कोऱ्या चहाच्या जवळ जाणारा होता. खडा होऊन गेलेल्या, गरोदर आणि रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या बायकांनी निर्जळी करू नये असं मला वाटतं. काकींनी मला दुसऱ्या वर्षी स्वतः शहाळं सोलून दिलं. म्हणाल्या, "बाई, देव काय बगत नाय बसलाय घोट मोजत."

6. पाणी वाढवायचं कसं

एकदम नाही. मी दर आठवड्याला अर्धा लिटर वाढवलं. उठल्यावर दोन फुलपात्रं, शाळा सुटेपर्यंत लिटरची बाटली दोनदा रिकामी, घरी आल्यावर आणखी थोडं, आणि खडा असलेल्यांनी झोपण्याआधी एक ग्लास, कारण रात्रीच लघवी सर्वांत दाट होते. रात्री एकदा उठावं लागतं, ते धरून चालायचं.

सगळं नुसत्या पाण्यानेच भागवायला हवं असं नाही. कोकणातलं रोजचं खाणं या बाबतीत फार शहाणं आहे. सकाळी दहाच्या सुमारास उकड्या तांदळाची पेज खाल्ली जाते, कांजीसकट. माझा वाडगा 350 मिलीचा आहे. मला आधी ती आजाऱ्याचं खाणं वाटायची. आता तिच्यावाचून चुकल्यासारखं होतं. ताक, नाचणीची आंबील, कुळथाचं कढण हे सगळं हिशोबात धरा. चहाही धरा, तो माफक प्यायला तर बेरजेतलाच आहे. दारू मात्र धरू नका, ती पाणी राखणारं संप्रेरक दाबते आणि जास्तीचं पाणी बाहेर काढते.

मीठ हा मात्र इथला मोठा सापळा. जास्त मीठ खाल्लं की लघवीत कॅल्शियम वाढतं आणि खड्याला खत मिळतं. पावसाळ्यात ताजी मासळी नसते, मग रोज सुकट, सुके बोंबील, खारा बांगडा. कोकमाचं आगळ म्हणजे मीठ घातलेला रस, आणि अमृत कोकम म्हणजे साखरेतला पाक. नवी माणसं दोन्हीला कोकमच म्हणतात आणि आगळाचे ग्लासच्या ग्लास पितात. सोलकढी वाटीभर घ्या, तहानेसाठी नको. लिंबूपाणी चांगलं, लिंबातलं सायट्रेट खडा धरू देत नाही, फक्त मीठ चिमटीपुरतं. आणि कॅल्शियमचा खडा म्हणून दूध-दही सोडू नका. जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला, म्हणजे खडा बनवणाऱ्या खाण्यातल्या घटकाला, धरून ठेवतं.

शहाळं उत्तम, पण त्यात पोटॅशियम भरपूर असतं. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी विचारल्याशिवाय घेऊ नये.

जुलाब-उलट्या झाल्या तर साधं पाणी पुरत नाही, ओआरएस हवं. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र लिहिलेलं बघा. एका लिटरला 20.5 ग्रॅमचं पाकीट, सगळं एकदम त्याच एका लिटरात. ग्लासात चिमूटभर घालून उरलेलं ठेवून द्यायचं नाही. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, दोन्हीला चहाचाच चमचा. फळांच्या चवीची गोड पेयं ओआरएस समजून घेऊ नका.

7. बायकांनो, पाणी कमी पिण्याचं खरं कारण

शाळेच्या दिवशी माझी लघवी निम्मी का व्हायची याचं उत्तर घाम एवढंच नव्हतं. तेव्हा शाळेतल्या स्वच्छतागृहाला कडी नव्हती, म्हणून मी सकाळपासून पाणीच टाळायचे. बाजारात टोपली घेऊन बसणाऱ्या मासेवाल्या, एसटीने दोन-दोन तास प्रवास करणाऱ्या नर्सताई, सगळ्या हेच करतात. पाणी टाळणं आणि लघवी तुंबवून ठेवणं, दोन्हींमुळे मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग व्हायला वाव मिळतो.

यावर माझा उपाय साधा होता: कडी मी स्वतः आणून सुताराकडून बसवून घेतली. प्रवासात निघायच्या तासभर आधी पिऊन, लघवीला जाऊन मग एसटी धरते, वाटेत घोट घोट पिते आणि उतरल्या उतरल्या उरलेलं. दर तीन-चार तासांनी जाता येईल अशी एखादी जागा, ओळखीचं घर किंवा दुकान, हेरून ठेवा. विचारायला लाजू नका, इथली माणसं घर उघडून देतात.

आणि एक. लघवीला जळजळ झाली की "उन्हाळी लागली" म्हणून धने-जिऱ्याचं पाणी, वाळा, सब्जा सुरू होतं. दाट लघवीने जळजळत असेल तर पाणी वाढल्यावर दिवसभरात थांबते. थांबली नाही, ताप आला, लघवी गढूळ किंवा रक्ताळ दिसली, तर ती उन्हाळी नाही. तपासून घ्या.

8. कुठलं पाणी प्यायचं

इथे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, पण जांभ्यातून पाणी झिरपून निघून जातं. एप्रिल-मेमध्ये विहिरी तळ गाठतात आणि समुद्राजवळच्या काही विहिरींचं पाणी मचूळ होतं. मचूळ पाणी उकळून खारटपणा जात नाही, तो अंमळ वाढतोच. पिण्याचं वेगळ्या विहिरीवरून आणा. पावसाळ्यात मात्र उकळणं सोडू नका.

9. डॉक्टरकडे कधी, आणि काय घेऊन

आठ तासांत लघवी झाली नाही, लघवीत रक्त दिसलं, कुशीतल्या कळेबरोबर थंडी वाजून ताप आला, लघवीला फेस येऊन तो बराच वेळ बसला नाही, तर थांबू नका. लहान मुलाने सहा तासांत लघवी केली नाही, रडताना डोळ्यांत पाणी नाही, टाळू खोल गेली, तर लगेच निघा. म्हाताऱ्या माणसांना तहान कमी लागते, त्यांचा रंग तुम्हीच बघा.

पावसाळ्यात एक गोष्ट कायम डोक्यात ठेवा: लेप्टोस्पायरोसिस. उंदीर आणि गुरांच्या लघवीतून हे जंतू चिखलात येतात आणि पायाच्या जखमेतून अंगात शिरतात. लावणीच्या चिखलात उतरल्यावर काही दिवसांनी ताप, पोटऱ्यांत जबर दुखणं, लाल डोळे, आणि त्यात लघवी कमी किंवा गडद झाली, तर पाणी पिऊन बघू असं म्हणू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि शेतात उतरल्याचं आपणहून सांगा.

सोबत न्यायचं:

- आधार कार्ड आणि रेशन कार्ड
- आधीच्या सोनोग्राफी, लघवी आणि क्रिएटिनिनचे (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) अहवाल
- चालू गोळ्यांची पाकिटं, नावं आठवत बसण्यापेक्षा
- मोजणीची वही
- पडलेला खडा, असल्यास

खडा पडायची वाट बघत असाल तर सुती फडक्यातून लघवी गाळा. माझा सोळाव्या दिवशी पडला, तांदळाच्या कणीएवढा, करडा, टोकदार. कोरड्या डबीत घालून तपासायला दिला. कॅल्शियम ऑक्झलेट निघाला, म्हणून पुढचं पथ्य ठरवता आलं.

10. यातलं काहीच आपल्या मनाने करू नये अशी माणसं

हृदय कमजोर असलेले, मूत्रपिंडाचा जुना आजार असलेले, डायलिसिसवर असलेले, पायांवर सूज असलेले, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणारे. यांना पाण्याचं माप डॉक्टर ठरवून देतात, आणि ते कमीही असू शकतं. मोजायची रीत त्यांनाही उपयोगी, पण वाढवायचं नाही.

11. पुन्हा कधी मोजायचं

ऋतू बदलला की हिशोब बदलतो. मी मार्चच्या शेवटी, पाऊस लागल्यावर, ऑक्टोबरात आणि जानेवारीत एकेक कामाचा दिवस मोजते. पावसाळ्यात गारवा वाटतो म्हणून पाणी आपोआप कमी होतं, तेव्हाचा आकडा मला दर वर्षी दचकवतो. गेल्या ऑक्टोबरात 2,250 भरली. वहीत बघितलं तर दुपारची बाटली अर्धी राहिली होती. दुसऱ्या दिवसापासून ती मधल्या सुट्टीची घंटा होताच, मुलांच्या पंगतीबरोबर, संपवते.